आउग्सबुर्गच्या दारांवरील मुठी

पश्चिमेकडील प्रवासाचें वर्णन म्हटलें कीं, वाचकांच्या डोळ्यांपुढें राजवाडे, चित्रशाळा, बर्फाचीं शिखरें आणि सरतेशेवटीं "आमच्याकडे असें कां नाहीं?" हा ठराविक प्रश्न, इतक्या गोष्टी उभ्या राहतात. प्रस्तुत लेखांत पहिल्या तीन गोष्टी जवळजवळ नाहींत. आणि चौथा प्रश्न विचारण्याचा अधिकार मीं माझ्याच हातानें घालविला आहे, तो कसा, हें ओघानें येईलच. गेल्या उन्हाळ्यांत मी जर्मनींतील आउग्सबुर्ग या शहरीं तीन आठवडे राहून आलों. माझी पुतणी तेथें एका कारखान्यांत अभियंता आहे. तिचें काम काय, हें घरांतील वडीलधाऱ्यांस समजावून सांगतांना आम्हां सर्वांचीच त्रेधा उडते. "म्हातारीं माणसें ज्या निवासांत राहतात, तेथें त्यांना हांक मारतां यावी म्हणून ती घंटा तयार करते," असें मीं एकदां सांगितलें, तेव्हां माझ्या थोरल्या वहिनींनीं विचारलें, "त्याला एवढें शिकावें कां लागतें?" वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर मला आउग्सबुर्गास मिळालें.

म्युनिकहून आगगाडीनें पाऊण तासाच्या आंत आपण येथें येतों. गांव रोमन लोकांच्या काळापासूनचें, वस्ती सुमारें तीन लक्ष. रुडॉल्फ डिझेलचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं याच गांवीं चाललें, आणि मोझार्ट या सुप्रसिद्ध संगीतकाराचें घराणेंही मूळचें येथलेंच. इतकी माहिती देऊन मी प्रवासवर्णनाच्या ऋणांतून मुक्त होतों.

पहिल्याच रविवारीं पुतणी म्हणाली, "काका, कारखाना मागाहून दाखवितें. आधीं माझ्या गुरूचें घर पाहूं या." हे गुरु म्हणजे पांचशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेले एक अज्ञात लोहार होते, हें मला पुढें कळलें. त्यांचें काम फुगराय नांवाच्या वसाहतींत आहे.

याकोब फुगर हा त्या काळचा युरोपांतील सर्वांत श्रीमंत सावकार म्हणून गणला जातो. १५१९ सालीं पांचवा चार्ल्स सम्राटपदीं निवडला गेला, तो याच्या पैशाच्या जोरावर. १५०५ सालीं आल्मेदाच्या आरमाराबरोबर जीं जहाजें हिंदुस्थानाकडे निघालीं, त्यांत वेल्सर आणि फुगर या आउग्सबुर्गच्या पेढ्यांचा पैसा गुंतलेला होता. तें आरमार कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरून पुढें मिऱ्यांच्या बाजारपेठांकडे गेलें. तेव्हां या वसाहतीच्या विटांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मिऱ्यांचाही थोडासा तिखटपणा असावा, असा मीं आपला हक्क सांगितला. पुतणीनें तो हंसण्यावारी नेला.

या फुगरानें आपल्या गांवांतील गरजू, कष्टाळू पण अडचणींत आलेल्या लोकांसाठीं ही वसाहत बांधविली. दानपत्र १५२१ सालचें आहे. पिवळसर रंगाचीं, एकमेकांस लागून असलेलीं सदुसष्ट घरें आणि त्यांत सुमारें एकशें चाळीस बिऱ्हाडें. तळमजल्यावरील बिऱ्हाडास मागें लहानशी बाग, वरच्यास माळा. आणि दोघांनाही रस्त्यावर उघडणारें स्वतःचें स्वतंत्र दार. वर्षाचें भाडें एक ऱ्हेनिश गुल्डेन ठरलें होतें. तें आज अठ्ठ्याऐंशी सेंट, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या आंतबाहेर, इतकेंच आहे. भाडेकरूनें कॅथॉलिक असावें व दात्यासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, ही दुसरी अट. रात्रीं दहा वाजतां वेस बंद होते, आणि उशीरां येणाऱ्यास पहारेकऱ्याच्या हातावर नाणें ठेवावें लागतें. मोझार्टचे पणजोबा, धंद्यानें गवंडी, यांनीं येथेंच अखेरचीं वर्षें काढलीं. १९४४ च्या फेब्रुवारींतील बाँबवर्षावांत वसाहतीचा पुष्कळ भाग जमीनदोस्त झाला. तो पूर्वींसारखाच पुन्हां उभारला गेला. आज येथें दीडशें माणसें राहतात, आणि त्यांत वयस्करांचा भरणा मोठा आहे. एक आजीबाई खिडकींत कुंड्यांना पाणी घालीत होत्या. आमच्यासारखे प्रवासी रोज आपल्या खिडकीकडे टकमक पाहतात, याची त्यांना इतकी संवय झाली असावी कीं, त्यांनीं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं.

पुतणीनें मला घरें पाहूं दिलीं नाहींत. तिनें मला दारांपाशीं उभें केलें. प्रत्येक दाराशीं घंटा ओढण्याची लोखंडी मूठ होती, आणि प्रत्येकीचा आकार निराळा. कोठें तीन पाकळ्यांचें पान, कोठें देवदाराचें बोंड, कोठें नुसताच पीळ दिलेला दांडा. "हात लावून पाहा, पण डोळे मिटून," ती म्हणाली. मीं डोळे मिटून दोन-तीन दारें चांचपलीं. पान आणि बोंड यांत चूक होणें शक्यच नव्हतें. रस्त्यावर दिवे नव्हते, तेव्हां अंधारांत घरीं परतणाऱ्यास आपलें दार बोटांनीं ओळखतां यावें म्हणून ही योजना, असें तेथें सांगतात. "दृष्टि गेली, दिवा गेला, अक्षर येत नसलें, तरी दार चुकायचें नाहीं. आणि शिकवावें कांहींच लागत नाहीं. आम्ही वर्षभर खपून जें साधूं पाहतों, तें या लोहारानें एका दुपारीं साधलें," असें तिनें म्हटलें, तें विनयानें नव्हे, तिचा स्वर किंचित् त्रासिक होता.

दुसऱ्या दिवशीं ती मला एका वृद्धनिवासांत घेऊन गेली. तिच्या कारखान्यांत तयार होणारीं उपकरणें तेथें लावून पाहिली जातात. इंग्रजींत ज्यास टेलिकेअर म्हणतात, म्हणजे दुरून घेतलेली काळजी, त्याचा हा संसार. लांब स्वच्छ ओसरीसारखा मार्ग, दोन्ही बाजूंस खोल्या, आणि प्रत्येक दारावर लहानसा दिवा. खोलींतल्या माणसानें लाल कळ दाबली कीं दारावर दिवा लागतो व परिचारिकेच्या कमरेचें यंत्र बोलूं लागतें. परिचारिका आंत गेली कीं दाराजवळची हिरवी कळ दाबते. मग आंत कोणीतरी आहे, हें बाहेरच्यांना कळतें. मला आवडलेली गोष्ट अशी कीं, ही हांक कचेरींत बसून विझवितां येत नाहीं. ज्या खोलींतून ती आली, त्या खोलींत पाऊल टाकल्यावांचून दिवा मालवत नाहीं. "हो हो, येतें" असें दुरूनच म्हणून पुन्हां कामाला लागण्याची जी सोय आपल्या घरांतून सर्रास वापरली जाते, ती येथें तारांनींच बंद करून टाकली आहे.

पलंगाशीं तारेला लोंबकळणारी एक कळ असते. तिचा आकार नासपतीसारखा, आणि जर्मन लोक तिला नासपती-कळ असेंच म्हणतात. झोपेंत, अंधारांत, वांकलेल्या बोटांनीं ती सहज मुठींत येते. अंगठा आपोआप कळीवर पडतो. पुतणीच्या मतें अलीकडच्या कोणत्याही उपकरणापेक्षां ही जुनी नासपती अधिक शहाणी आहे.

तिच्या स्वतःच्या पहिल्या उपकरणाची कथा तिनेंच मला सांगितली. पाटीसारखा एक पडदा; त्यावर चार चित्रें: परिचारिका, डॉक्टर, घरचीं माणसें, आणि जेवण. कारखान्यांतल्या तरुण मंडळींनीं तें पाहून टाळ्या वाजविल्या. निवासांत आणल्यावर एकाहत्तर वर्षांच्या बाईंपासून एक्याण्णव वर्षांच्या गृहस्थांपर्यंत कोणालाच तें नीट चालेना. म्हातारपणीं बोटांची कातडी कोरडी पडते, आणि कोरड्या बोटाचा स्पर्श कांचेस पुष्कळदां कळतच नाहीं. ज्यांचा हात कांपतो त्यांचें एकदां दाबणें यंत्रास दोनदां वाटतें, आणि दुसऱ्या दाबण्यानें पहिली हांक रद्द होते! उंच पट्टींतला बारीक सूर म्हाताऱ्या कानांना प्रथम सोडून जातो. यंत्राचा सूर नेमका त्याच पट्टींत होता. शिवाय कळ दाबल्यावर यंत्र गप्प बसे. हांक पोंचली कीं नाहीं, हें माणसाला कळेना. म्हणून तो पुन्हां दाबी, मग पुन्हां, आणि शेवटीं "हें बिघडलें आहे" असें ठरवून कायमचें सोडून देई.

ते एक्याण्णव वर्षांचे गृहस्थ तेथें भेटले. सूतगिरणींत जोडारी म्हणून त्यांचा जन्म गेलेला. तें पडद्याचें यंत्र त्यांनीं दोन दिवस वापरून परत केलें आणि पुतणीस म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्राला चार कळा आहेत, मला अडचण एकच असते." पुतणी सांगते कीं, हें वाक्य तिनें आपल्या मेजासमोर लिहून लावलें आहे. आतां तिच्या नव्या उपकरणास कळ एकच, सुपारीएवढी, वर खोलगट, दाबतांच अंगठ्याला खट् असें जाणवणारी. आणि लागलीच खालच्या पट्टींतला, सावकाश बोलणारा मनुष्याचा आवाज सांगतो कीं, हांक पोंचली, कोणीतरी निघालें आहे. "खट्" व्हावें म्हणून तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं सात महिने घालविले. माझ्या वहिनींना हें सांगितल्यास त्या काय म्हणतील, याची कल्पना मी करूं शकतों.

शेजारच्या खोलींत एक बाई होत्या. त्यांच्या गळ्यांत घालावयाचें पदक, म्हणजे कळ असलेला दोरा, खिडकींतल्या कुंडीला गुंडाळलेला होता. पुतणीनें हळूच विचारलें, तर त्या म्हणाल्या, "तें घातलें म्हणजे मी आजारी दिसतें." येथें मला आमच्या आत्याची आठवण झाली, आणि पुढें स्नानगृहांत शिरल्यावर तर बोलल्यावांचून राहवेना.

स्नानगृहाच्या भिंतीवरून एक लाल दोरी थेट जमिनीपर्यंत आली होती. पुतणी इंग्लंडांत एक वर्ष होती. तेथें अपंगांसाठीं असलेल्या सार्वजनिक शौचगृहांतही अशीच दोरी असते. तिला दोन कडीं ओंवलेलीं असतात, एक बसलेल्या माणसाच्या हातास येईल असें, आणि दुसरें जमिनीपासून अवघ्या दहा सेंटिमीटरांवर. तें खालचें कडें पडलेल्या माणसाकरितां. कारण पडलेला मनुष्य उभें राहून कळ दाबूं शकत नाहीं, ही साधी गोष्ट उभ्या माणसाच्या लक्षांत येत नाहीं. आणि त्याहून साधी गोष्ट अशी कीं, झाडणारीं माणसें फरशी पुसतांना अडथळा नको म्हणून ती दोरी वर गुंडाळून गांठ मारून ठेवतात. तिकडे या गांठी सोडविण्यासाठीं दोरीवर अडकविण्याचीं सूचनापत्रें वांटावीं लागलीं आहेत.

आतां माझी गोष्ट. आमची आत्या आज चौऱ्यायशीं वर्षांची आहे. सव्विसाव्या वर्षीं वैधव्य आल्यावर ती माहेरीं परत आली व सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांतच राहिली. पुढें वाडा गेला, त्या जागीं इमारत झाली, माणसें जिकडेतिकडे पांगलीं आणि तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आत्या एकटी उरली. मी तिच्यासाठीं एका विक्रेत्याकडून असेंच एक पदक आणलें. दाबलें कीं माझा आणि शेजाऱ्यांचा दूरध्वनि वाजावा, अशी व्यवस्था. तें तिच्या गळ्यांत घातलें, कसें दाबायचें हें दोनदां दाखविलें, आणि आपण कर्तव्य केलें अशा समाधानानें घरीं आलों. त्यानंतर पांचव्या महिन्यांत पहाटे तीनच्या सुमारास ती न्हाणीघरांत घसरून पडली. मांडीचें हाड मोडलें. दुपारीं बारा वाजतां कामवाली आली तेव्हां कोणाला कळलें. नऊ तास ती ओल्या फरशीवर पडून होती. पदक देवघराच्या खुंटीला टांगलेलें होतें. स्नानाला जातांना ती तें काढून ठेवीत असे, कारण तो दोरा सोंवळ्यांत चालत नाहीं. आणि पूजा होईपर्यंत परत घालीत नसे.

हें सर्व मीं त्या स्नानगृहांत उभ्याउभ्या पुतणीस सांगितलें. तिला तें पत्रानें ठाऊकच होतें. परंतु तिनें पूर्वीं न विचारलेला प्रश्न आतां विचारला. "काका, यंत्र आणण्यापूर्वीं आत्याआजीला विचारलें होतेंत कां?"

मीं विचारलें नव्हतें. रुग्णालयांत मात्र विचारलें होतें, आणि तेंही रागानें: दोरा काढलास तो काढलास, पण मग हांक तरी मारायचीस! भिंतीपलीकडे शेजारी झोंपलेले होते. त्यावर ती म्हणाली होती, "पहाटे तीन वाजतां कोणाची झोंप मोडायची?"

पुतणीला या उत्तराचें नवल वाटलें नाहीं. केंब्रिज येथें नव्वदीपुढील एकशें दहा माणसांची वर्षभर बारकाईनें चौकशी केलेली आहे. तिचा अहवाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभरांत त्यांपैकीं साठ टक्के माणसें पडलीं, आणि पडलेल्या सहासष्टांपैकीं वीस जणें तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलीं. पुष्कळांपाशीं हांक मारण्याचीं उपकरणें होतीं. पण बराच वेळ पडून राहिलेल्यांपैकीं बहुतेकांनीं तीं वापरलींच नाहींत. कोणाला आपण आपलें उठूं असें वाटलें, कोणाला दुसऱ्याला त्रास नको वाटला. दुसरी एक मोठी परीक्षा इंग्लंडच्या सरकारनें केली होती. कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूहॅम भाग येथील सुमारें दोन हजार सहाशें माणसांवर. तिच्या २०१३ च्या निष्कर्षाप्रमाणें हीं उपकरणें दिल्यानें वर्षभरांत रुग्णालयाच्या किंवा सेवेच्या खर्चांत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं. आपल्याच धंद्याविरुद्धची ही साक्ष पुतणी इतक्या मोकळेपणानें देते, याचें मला कौतुक वाटलें. तिचें म्हणणें, यंत्र विकत घेऊन दिलें आणि काम झालें, असें समजणाऱ्यांची ती परीक्षा होती.

संध्याकाळीं लेख नदीच्या कांठीं बसलों असतां मी वाड्याचा विचार करीत होतों. एके काळीं त्या वाड्यांत आम्ही एकोणीस माणसें होतों. आजोबा रात्रीं नुसते खोकले तरी माजघरांत कोणीतरी उठून बसे. वाड्याला घंटेची गरज नव्हती, असें आम्ही अभिमानानें सांगतों. पण उठून बसणारें तें "कोणीतरी" कोण असे? आठवूं लागलों, तेव्हां प्रत्येक वेळीं एकच आकृति उठतांना दिसली. आजोबांचें पाणी, आजीचा शेक, माझा गोवर, वहिनींचीं बाळंतपणें. पन्नास वर्षें त्या घरांतील प्रत्येक हांक आत्याच्या कानांवर येऊन थांबत असे. तिनें स्वतः कोणाला हांक मारल्याचें मला एकदांही आठवेना. जिला जन्मभर हांक ऐकण्याचीच संवय, तिच्या हातांत मी कळ दिली, आणि ती कां दाबली नाहीं म्हणून तिच्यावर रागावलों. एकत्र कुटुंबाच्या मोडण्याबद्दल आपण जे उसासे टाकतों, त्यांत हा हिशेब फारसा येत नाहीं.

जर्मनींत याच संकोचावर तोडगा म्हणून एक निराळी कळ आहे. तिला ते दिवसाची कळ म्हणतात. घरीं एकट्या राहणाऱ्या वृद्धानें दिवसांतून एकदां ती दाबावयाची. अर्थ एवढाच कीं, मी ठीक आहें. ती दाबली गेली नाहीं, तर केंद्रांतून दूरध्वनि येतो. म्हणजे संकटांत हांक मारावी लागत नाहीं. न मारलेली हांकच ऐकूं जाते. घरगुती हांकेची ही सेवा त्या देशांत १९७० नंतरच्या दशकांत विल्हेल्म होर्मान यांनीं प्रथम काढली असें मानतात. बोस्टनचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनीं अमेरिकेंत अशीच सेवा १९७४ सालीं चालू केली. जर्मनींत रेड क्रॉससारख्या संस्था ती चालवितात, आणि ज्यांना सरकारी तपासणींत परावलंबी ठरविलें आहे, त्यांपैकीं पात्र व्यक्तींस शुश्रूषा-विम्यांतून महिना साडेपंचवीस युरो मिळतात.

यांत एक नवें विघ्न अलीकडे उद्भवलें आहे, तेंही नोंदवून ठेवतों. जुन्या दूरध्वनीच्या तारेंतून वीज येत असे; घरांतले दिवे गेले तरी हांक जात असे. नव्या पद्धतींत दूरध्वनि घरच्या विजेवर चालतो. वीज गेली कीं तो मुका. ब्रिटनमध्यें सुमारें अठरा लाख माणसें अशा सेवेवर अवलंबून आहेत. तारा बदलतांना उपकरणें बंद पडून कांहीं गंभीर प्रसंग घडले, तेव्हां २०२३ च्या डिसेंबरांत सरकारनें दूरध्वनि कंपन्यांस एकत्र बोलावून वचनपत्रावर सह्या घेतल्या. आणि २०२५ अखेरची बदलाची मुदत पुढें जानेवारी २०२७ पर्यंत लांबविण्यांत आली. म्हणून आतांच्या उपकरणांत विजेरी व भ्रमणध्वनीची पट्टी बसविलेली असते. पुण्यांत पावसाळ्यांत दिवे किती वेळां जातात, हें मीं पुतणीस सांगितलें, तेव्हां तिनें तें वहींत टिपून घेतलें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मी तिला म्हटलें, तुझें तें सुपारीएवढें यंत्र मला विकत दे. तिनें साफ नकार दिला. "आधीं आत्याआजीला विचारून या. कोठें हवें, कसलें हवें, आणि हवें कीं नको," एवढीच शिदोरी तिनें मला दिली.

पाय बरा झाल्यावर आत्या पुण्याबाहेरील एका वृद्धनिवासांत राहावयास गेली आहे. तो निर्णय तिनें स्वतः घेतला, आमच्यापैकीं तिघांच्या विरोधास न जुमानतां. परतल्यावर चौथ्या दिवशीं मी तेथें गेलों आणि प्रथम तिच्या न्हाणीघरांत शिरलों. दोरी होती, पण लाल नव्हे, पांढरी, पांढऱ्या भिंतीवर, आणि छातीइतक्या उंचीवर गुंडाळून तिची गांठ मारलेली. "झाडणाऱ्या मुलीला अडचण होते रे," आत्या म्हणाली. गांठ सोडतांना मला इतकी घाई झाली कीं, नख मोडलें.

मग मीं तिच्यापाशीं बसून फुगरायच्या दारांची हकीकत सांगितली. पान, बोंड, पिळाचा दांडा. तिनें नीट ऐकून घेतलें, मिऱ्यांच्या जहाजांबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि मग मीं विचारलें, "आत्या, दोरीच्या टोंकाला तुझ्या हाताला ओळखीचें असें काय बांधूं?" ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर पलंगाखालची पेटी ओढावयास सांगून तिनें तींतून एक पुरचुंडी काढली. तींत वाड्यांतल्या सारीपाटाच्या सोंगट्या होत्या. लाखेच्या, लाल आणि हिरव्या, कडा झिजलेल्या. मला वाटत होतें कीं तो सारीपाट वाड्याबरोबरच गेला. "लाल बांध," ती म्हणाली, "आणि खालीं बांध. पडल्यावर हाताला लागली पाहिजे ना?" लाकडी सोंगटी स्नानाच्या वेळीं सोंवळ्यांत चालेल कां, असें मीं विचारतांच तिनें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं मी पुढें बोललों नाहीं.

निवासांतील व्यवस्थापकांनीं प्रथम आक्षेप घेतला, मग भोंक पाडावयास सुतारही दिला. जमिनीपासून चार बोटांवर सोंगटी बांधली. दोरीला लाल फीत गुंडाळली. झाडणाऱ्या मुलीला बोलावून आत्यानें स्वतः दाखविलें कीं, फरशी पुसतांना ती अशी बाजूला धरायची, बांधायची नाहीं. रोज सकाळीं चहाच्या वेळीं दोरी एकदां ओढावयाची, असेंही ठरलें. म्हणजे आपली दिवसाची कळ. कचेरींतील बाईंनीं तें मान्य केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मला निवासांतून दूरध्वनि आला आणि माझे हातपाय गार पडले. रात्रपाळीची परिचारिका जरा नाराजीनें सांगत होती कीं, रात्रीं सव्वादोन वाजतां आजींनीं दोरी ओढली. ती धांवत गेली, तर आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं स्टुलावर स्वस्थ बसलेल्या, हातांत घड्याळ. "साडेतीन मिनिटें लागलीं तुला," असें म्हणून त्यांनीं तिला डब्यांतली वडी दिली आणि झोंपावयास गेल्या.